बोर्गुंडचं काळं चर्च

१८५१ साली नॉर्वेत चर्चविषयी एक कायदा झाला. त्यातलं एक कलम वाचायला अगदी समंजस वाटतं. चर्चमध्ये त्याच्या हद्दीतल्या लोकसंख्येपैकी निदान तीन दशांश माणसं मावली पाहिजेत, एवढंच. लोकसंख्या वाढत होती, जुनी चर्चं अपुरी पडत होती, मग सरकारनं दुसरं करायचं तरी काय? कायदा करणाऱ्यांच्या मनात काही पाडायचं असेल असं मला वाटत नाही. पण खेड्यापाड्यांत मध्ययुगापासूनची लाकडी चर्चं उभी होती, लहान, अंधारी, ठिकठिकाणी ठिगळं लावलेली, आणि ती या मापात बसेनात. गावकऱ्यांना तर नवं, उजेडाचं, पांढऱ्या रंगाचं चर्च हवंच होतं. कायद्यानं त्यांना सबब दिली. पुढच्या तीसेक वर्षांत एकामागून एक चर्च उतरवलं गेलं.

या चर्चना स्टाव्ह चर्च म्हणतात. स्टाव्ह म्हणजे उभा खांब. मध्ययुगात नॉर्वेभर अशी हजाराहून जास्त चर्चं असावीत असा अंदाज आहे. १३४९ची प्लेगची साथ आली, खोरीच्या खोरी ओस पडली आणि तिथल्या चर्चमध्ये घंटा वाजवायलाही माणूस उरला नाही. काही कुजली, काही विजेनं जळली. १८०० सालाच्या आसपास पंचाण्णव उरली होती. आज अठ्ठावीस आहेत. लार्दालच्या खोऱ्यातलं बोर्गुंड त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध, आणि ते वाचलं कसं याची गोष्ट मला त्याच्या नक्षीपेक्षाही जास्त रंगतदार वाटते.

आम्ही ओस्लोत राहतो. इथे राहणाऱ्या मराठी घरात पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांची एक यादी तयार असते आणि त्यात बिगदॉयचं उघड्यावरचं संग्रहालय असतंच. तिथल्या टेकाडावर गोल नावाच्या गावातून आणलेलं एक स्टाव्ह चर्च आहे. छपरावर छप्पर, टोकाला ड्रॅगनची तोंडं, सगळं काळंकुळकुळीत. पाहुणे फोटो काढतात, ‘देवळासारखं दिसतं नाही?’ असं म्हणतात आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे वळतात. माझे सासरे, आप्पा, आले तेव्हा मात्र पंचाईत झाली. ते छपराकडे बघेचनात. आत-बाहेर करून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘हे मूळचं किती आणि नंतरचं किती?’

आप्पा वाईचे. त्यांचं बालपण वाड्यात गेलं. भावंडांचे संसार वाढले, वाडा पुरेना, शेवटी तो उतरवून तिथे इमारत झाली. खांब, तुळया, दारं सगळं जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं एकरकमी नेलं. याबद्दल आप्पा कधी हळहळ बोलून दाखवत नाहीत. उलट ‘संडास वरच्या मजल्यावर आला, तुझ्या सासूबाईंचे गुडघे वाचले’ असं म्हणतात. पण जुनं लाकूड दिसलं की त्यांचा हात आपोआप सांध्याकडे जातो.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला कळलं ते असं. गोलचं चर्च १८८०च्या दशकात राजा दुसरा ऑस्कर यानं पैसे देऊन ओस्लोला हलवलं. हलवताना आतला मूळ सांगाडा आणला, पण बाहेरचं रूप बरंचसं नव्यानं रचावं लागलं, आणि ते रचताना नमुना म्हणून समोर ठेवलं बोर्गुंड. विकमधलं होप्परस्टाड चर्च त्याच दशकात पीटर ब्लिक्स या वास्तुरचनाकारानं वाचवलं. त्याच्याही बाहेरच्या रूपाला नमुना बोर्गुंडचाच. फॉर्तून गावातलं चर्च पाडणार म्हणून एका व्यापाऱ्यानं ते विकत घेतलं आणि १८८३ साली बर्गनजवळ फॅनटॉफ्टला नेलं. तिथेही पुन्हा बोर्गुंडचं रूप. म्हणजे पोस्टकार्डांवर ‘अस्सल स्टाव्ह चर्च’ म्हणून जे दिसतं, ते बऱ्याच अंशी एका चर्चवरून ठरलेलं आहे. बाकीच्यांची मूळची तोंडं निराळी असणार.

मग आप्पांना बोर्गुंडला नेणं आलंच.

ओस्लोहून पश्चिमेकडे जाताना फिलेफ्येल्लचं पठार ओलांडलं की रस्ता लार्दालच्या अरुंद दरीत उतरतो. पूर्व आणि पश्चिम नॉर्वेला जोडणारा हा जुना राजमार्ग. चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर विंडहेल्लाची जुनी वळणाची वाट अजून आहे. त्याच दरीत पुढे साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे बहुतेक गाड्या इथून सुसाट निघून जातात. चर्च रस्त्यावरून दिसतं ते अपेक्षेपेक्षा लहान. फोटोंत ते किल्ल्याएवढं वाटतं. प्रत्यक्षात एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधल्या गवताच्या पट्टीवर, दगडी कुंपणात, थडग्यांच्या घोळक्यात उभं असलेलं सहा पायऱ्यांचं छप्पर. वरच्या गॅबलांवर, म्हणजे छपराच्या तिकोनी टोकांवर, ड्रॅगन आणि खालच्या गॅबलांवर क्रूस. दोघांत भांडण दिसत नाही.

आप्पा थेट खाली वाकले. भिंतीच्या बुडाशी दगड रचलेत, दगडांवर आडवे जाडजूड ओंडके एकमेकांना छेदून बसवलेत, आणि त्या ओंडक्यांच्या चौकटीत खांब नि फळ्या उभ्या रोवल्या आहेत. लाकूड कुठेही मातीला टेकत नाही.

‘तळखडे,’ आप्पा म्हणाले. ‘खांब जमिनीत पुरला की गेला. शहाणा सुतार होता.’

हे शहाणपण इथल्या सुतारांना फुकट मिळालं नव्हतं. अकराव्या शतकातली इथली पहिली लाकडी चर्चं खांब जमिनीत पुरूनच बांधली होती. ती थोड्याच पिढ्यांत बुडाशी कुजली. उर्नेस नावाच्या गावातल्या स्टाव्ह चर्चखाली उत्खनन झालं तेव्हा आधीच्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले. वरचं लाकूड नाहीसं झालं, पण मातीत त्याची जागा राहिली. मग कोणीतरी खांब उचलून ओंडक्यावर ठेवला आणि ओंडका दगडावर. या एका फरकामुळे चर्चचं आयुष्य पन्नास-शंभर वर्षांवरून आठशे वर्षांवर गेलं. लाकडातल्या वाढीच्या वलयांच्या मोजणीवरून बोर्गुंडचं लाकूड ११८०-८१च्या हिवाळ्यात तोडलेलं आहे असं ठरतं. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादव जेमतेम उभे राहत होते.

त्या चौकटीतल्या फळ्यांचं काम बारकाईनं बघण्यासारखं आहे. प्रत्येक उभ्या फळीच्या कडेला एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत सरकवत भिंत विणत न्यायची. लाकूड वाळलं, फुगलं, आकसलं तरी फट पडत नाही. वर छपराचं वजन पेलायला खांब आणि तुळई यांच्या काटकोनात वाकडे गुडघे बसवलेत. हे गुडघे कापून वाकवलेले नाहीत. झाडाचं खोड जिथे मुळाकडे वळतं, तिथला नैसर्गिक बाक शोधून तेवढाच तुकडा वापरलाय, म्हणजे लाकडाचे तंतू बाकातूनही अखंड धावतात. मधल्या उंच भागात खांबांच्या मध्ये एकावर एक तिरपे क्रूस आहेत, इंग्रजी एक्स अक्षरासारखे. हे चर्च संत अँड्र्यूच्या नावानं आहे आणि तो अशाच तिरप्या क्रूसावर गेला अशी श्रद्धा, त्यामुळे लोक या खुणेत भक्ती बघतात. असेलही. पण ती लाकडं काढली तर खोऱ्यातल्या वाऱ्यात हा सांगाडा लळतलोंबत राहील, हे आप्पांनी मान वर करून एका नजरेत सांगितलं.

आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि सरावल्यावरही वरच्या बाजूला काढलेली लहान गोल भोकं एवढाच काय तो उजेड. पहिल्यांदा वाटतं, देवासमोर इतका काळोख कशाला? पण जुन्या कॅथलिक पूजेत गावकऱ्याला काही वाचायचं नव्हतं. विधी लॅटिनमध्ये, पुजारी पुढे, मेणबत्त्या तिथे. लोक उभ्यानं ऐकत. म्हाताऱ्यांना भिंतीकडेच्या फळीवर टेकता येई. नॉर्वेत १५३७ साली धर्मसुधारणा झाली आणि सगळं उलटं झालं. आता प्रवचन हाच गाभा. प्रवचन तास-दीड तास ऐकायचं तर बाकं हवीत, स्तोत्रं पुस्तकातून गायची तर खिडकी हवी, मागच्यांना ऐकू जायला उंच व्यासपीठ हवं. म्हणून या काळोख्या खोक्यात हळूहळू बाकं आली, माळा आला, उत्तर-दक्षिणेला मोठ्या खिडक्या फोडल्या गेल्या. वेदीमागचं चित्र १६५४चं आहे. तीनेकशे वर्षं बोर्गुंडच्या लोकांनी आपल्या चर्चमध्ये असा संसार थाटला होता.

आज त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. १८६८ साली गावानं शेजारीच नवं चर्च बांधलं. इथे नशीब धावून आलं असं म्हणायला हवं: जागा होती म्हणून नवं चर्च जुन्याच्या डोक्यावर न बांधता बाजूला बांधलं, आणि जुनं रिकामं उभं राहिलं. १८७७मध्ये ते पुराणवास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. ही संस्था १८४४ची. तिच्यामागे ज्यांचा रेटा होता त्यांत योहान क्रिस्टियान दाल हा चित्रकार होता, मूळचा बर्गनचा आणि ड्रेस्डेनला प्राध्यापकी करणारा. दालची एक धडपड सांगितल्यावाचून राहवत नाही. वांगचं स्टाव्ह चर्च पाडायचं ठरलं तेव्हा ते कुठेतरी जवळपासच उभं राहावं म्हणून त्यानं खूप खटपट केली, कोणी घेईना. शेवटी १८४१च्या लिलावात त्यानं प्रशियाच्या राजासाठी ते विकत घेतलं. चर्च सुटं होऊन पेट्यांतून बर्लिनला पोचलं आणि तिथून सिलेशियाच्या डोंगरात. १८४४ला तिथे उपासना सुरू झाली. ते गाव आता पोलंडमध्ये आहे, आणि तिथे आजही नॉर्वेचे मध्ययुगातले खांब बर्फात उभे आहेत.

बोर्गुंडकडे परत. संस्थेच्या काळात इथे डागडुजी झाली ती ख्रिस्टियान ख्रिस्ती यांच्या देखरेखीखाली. पुढे त्रोन्हाइमच्या कॅथेड्रलचं दीर्घकाळ चाललेलं काम ज्यांच्याकडे होतं तेच हे. त्यांनी बाकं काढली, माळा काढला, वेदीच्या भागावरचं छत काढलं, त्या दोन मोठ्या खिडक्या बुजवल्या. चर्च ‘मूळ’ झालं. आपण आत जाऊन ज्या काळोखानं भारावतो, तो अशा रीतीनं एकोणिसाव्या शतकात परत आणलेला काळोख आहे.

माझी याबद्दल तक्रार आहे, आणि ती मी लपवणार नाही. मध्ययुग तेवढं अस्सल आणि मधली तीनशे वर्षं म्हणजे जळमटं, हे कोणी ठरवलं? ज्या बाकांवर बसून बायकांनी आपल्या गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना केल्या असतील, ती काढून टाकताना इतिहास साफ होतो की थोडा कमी होतो? पण हेही खरं की ख्रिस्तींनी ते केलं नसतं तर तो सांगाडा, ते गुडघे, ते तिरपे क्रूस एका दृष्टिक्षेपात दिसले नसते, आणि आप्पांसारख्या माणसाला आठ शतकांपूर्वीच्या सुताराशी इतकं सरळ बोलता आलं नसतं. तक्रार करतच मी तिथे खूप वेळ थांबले.

पश्चिमेच्या दारावर वेली आणि पंखवाले ड्रॅगन एकमेकांत इतके गुंतलेत की शेपटी कोणाची आणि पान कुठलं हे बोटानं शोधत जावं लागतं. त्या दाराजवळच्या लाकडावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोणीतरी कोरलंय: ‘थोरनं या अक्षरांची रेघ संत ओलावच्या सणाच्या संध्याकाळी ओढली.’ बस, एवढंच. संत ओलावचा सण २९ जुलैला येतो, इथल्या उन्हाळ्याच्या ऐन भरात, जेव्हा संध्याकाळ संपता संपत नाही. आप्पा म्हणाले, ‘आपल्याकडे किल्ल्यावर नाव कोरलं की आपण शिव्या घालतो.’ मी म्हटलं, आठशे वर्षं थांबायची तयारी असेल तर कोरावं.

मग वास. लाकडी चर्चचा पहिला अनुभव नाकाचा असतो. धूर, मध आणि औषध यांच्या मधला काहीतरी, आणि तो कपड्यांत घरापर्यंत येतो. हे पाइनचं डांबर. रस्त्याच्या डांबराशी त्याचं नातं फक्त रंगाचं. राळेनं भरलेली पाइनची जुनी खोडं आणि मुळं बारीक फोडून उतारावरच्या खळग्यात रचतात, वरून माती आणि गवताचे थर घालून हवा कोंडतात आणि अगदी मंद जाळतात. लाकडाला पेट घेऊ द्यायचा नाही, घामेजू द्यायचं. तळाशी ठेवलेल्या नळीतून काळा रस टपकतो. तो गरम करून ब्रशनं भिंतीला आणि छपराच्या चिपांना चोपडतात. उन्हात तो पुन्हा पातळ होतो, ओघळतो. दक्षिणेकडच्या भिंती उन्हानं खाऊन तपकिरी होतात, उत्तरेच्या काळ्याभोर राहतात. त्यामुळे चर्चच्या भोवती एक फेरी मारली की रंग बदलत जातो. हे काम एकदा करून भागत नाही, काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. मध्यंतरी चांगलं डांबर मिळणंच कठीण झालं होतं, कारण ते जाळणारी माणसं कमी झाली. २००१ ते २०१५ या काळात नॉर्वेच्या पुरातत्त्व खात्यानं सगळ्या अठ्ठावीस चर्चसाठी मोठा दुरुस्ती कार्यक्रम राबवला, त्यात सांगाड्याइतकंच लक्ष या डांबरावर द्यावं लागलं. सुतारांनी जुन्या कुऱ्हाडींचे घाव वाचून तशाच कुऱ्हाडी वापरल्या.

आणि अर्थात, राळ आणि डांबर पाजलेलं लाकूड म्हणजे पेटायला बसलेली चूल. ६ जून १९९२ला पहाटे फॅनटॉफ्टचं चर्च कोणीतरी पेटवून दिलं. काही तासांत राख. फॉर्तूनच्या लोकांना नको झालेलं, बर्गनला वाचलेलं, असं ते शेवटी गेलं. १९९७पर्यंत ते पुन्हा बांधून झालं. बोर्गुंडभोवती आता आगीची सूचना देणारी यंत्रं आहेत, आणि ती नजरेला खुपतात असं मी तरी म्हणणार नाही.

परतीच्या वाटेवर आप्पांना बोर्गुंडपेक्षा वेगळं काहीतरी दाखवावं म्हणून आम्ही मुद्दाम वळसा घालून लोमला गेलो. लोमचं चर्चही बाराव्या शतकातलं, पण ते कधीच रिकामं पडलं नाही. १६३४मध्ये ते पश्चिमेला लांबवलं. १६६३मध्ये दोन्ही बाजूंना पंख काढून त्याचा क्रूसाकार केला. नव्या भागांचं बांधकाम ओंडक्यांवर ओंडके रचण्याच्या वेगळ्याच पद्धतीचं. जुनं-नवं जिथे भिडतं तिथे सांधा लपवायचा कोणी प्रयत्न केलेला नाही. खिडक्या आहेत, रंगवलेली बाकं आहेत, रविवारी माणसं आहेत. १९७०च्या दशकात जमिनीखाली खणलं तेव्हा फटींतून पडलेली दोन हजारांहून जास्त नाणी मिळाली, आणि त्यांच्याबरोबर रून कोरलेली एक काठी. हॉवर्ड नावाच्या पोरानं एका मुलीला लिहिलंय: देवाचा आशीर्वाद आणि माझी मैत्री पाठवतो, तुला मागणी घालावी ही माझी पुरी इच्छा आहे, कोल्बाइनबरोबर राहायचं तुझ्या मनात नसेल तर, विचार कर आणि तुझं मन कळव. ती काठी चर्चच्या फळ्यांखाली सापडली. मुलीनं ती तिथे टाकली, की तिच्या हातून पडली, की पोचलीच नाही?

आप्पांचा कौल लोमला पडला. ‘हा वाडा नांदता आहे,’ एवढं म्हणून ते बाकावर बसले. माझा कौल अजूनही बोर्गुंडकडे झुकतो, त्या ख्रिस्तींवर चरफडत का होईना. आमच्यात यावर गाडीत वाद झाला आणि तो ओस्लोपर्यंत चालला.

तुम्ही येणार असाल तर हाच रस्ता उलटा धरा. आधी लोम बघा, मग सोगनेफ्येल्लचा घाट उतरा. हा रस्ता १४३४ मीटरपर्यंत चढतो आणि हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर हा काळ बरा. घाटाच्या पायथ्याशी फॉर्तून लागेल, तिथे नवं चर्च आहे. पुढे सोल्व्होर्नहून छोटी फेरी घेऊन उर्नेसला जा. त्याच्या उत्तरेच्या भिंतीत १०७०च्या आसपासचं कोरलेलं दार आहे, आधीच्या चर्चचं; ११३०च्या सुमाराला नवं बांधणाऱ्यांना ते टाकवेना, म्हणून त्यांनी ते कापून-छाटून नव्या भिंतीत बसवलं. बोर्गुंड शेवटी ठेवा. आणि पांढरे कपडे घालू नका. ऊन असेल तर भिंतीला हात लावलेला कळतो, कपडे लागलेले नंतर कळतात.